टाचणवहीत न छापलेला रकाना

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. शाळेच्या आठवणी, सहली, स्नेहसंमेलने आणि छड्या यांवर लिहिणारे आपल्यात बरेच आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत खडू हातात धरून गेले. तेव्हा आपल्या गुरुजनांच्या समोर आणि वर्गमित्र-मैत्रिणींच्या पंक्तीत बसून मी त्याच धंद्यातली एक गोष्ट सांगते. गोष्ट पाठ टाचणाची आहे, आणि आपल्याच पालघर जिल्ह्याची आहे.

पाठ टाचण म्हणजे काय, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचे ते शिक्षक आदल्या दिवशी एका लांबट वहीत लिहून ठेवतात, मुख्याध्यापक त्यावर सही करतात. त्या वहीत रकाने आखलेले असतात : घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्यापनाचे टप्पे, मूल्यमापन, स्वाध्याय. साहेब तपासणीला आले की पहिल्यांदा हीच वही मागत.

या वहीचे मूळ जर्मनीत आहे. योहान फ्रेडरिक हर्बार्ट (१७७६–१८४१) नावाच्या तत्त्वज्ञाने धडा कसा बांधावा याचा विचार मांडला. त्याच्या शिष्यांनी त्याच्या पाच पायऱ्या केल्या आणि त्या अध्यापक विद्यालयांमार्फत जगभर पसरल्या. आपल्याकडे त्यांना हर्बार्टची पंचपदी म्हणत. प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, नियम, उपयोजन. डी.एड.ला आम्ही त्या घोकल्या. पद्धत वाईट नव्हती. तिने शिक्षकाला तयारी करून वर्गात जायची सवय लावली, हे तिचे उपकारच.

पण या सगळ्या रकान्यांत एक रकाना छापलेलाच नव्हता : हा पाठ कोणासाठी? वहीने एक मूल गृहीत धरले होते. ते रोज शाळेत येते, नीट ऐकते, फळा नीट पाहते, जागेवर बसते आणि त्याच्या घरी पुस्तकातली मराठी बोलतात. प्रत्यक्ष वर्गात असे मूल फार तर निम्म्या बाकांवर असते. बाकीच्या बाकांसाठी वहीत जागा नव्हती. ती जागा कोणी, कुठे आणि कशी केली, तो इतिहास आपल्या उंबरठ्याशी घडला आहे. बोईसरहून उत्तरेला वाणगाव, डहाणू, घोलवड, एवढ्याच अंतरावर.

रोमपासून भावनगरपर्यंत

सुरुवात मात्र थोडी लांबून करावी लागते. मारिया मॉन्टेसोरी हे नाव आज महागड्या बालवाड्यांच्या पाट्यांवर दिसते. त्यामुळे एक गोष्ट विसरली जाते. मॉन्टेसोरीबाई मुळात डॉक्टर होत्या आणि त्यांनी पहिले काम केले ते रोममध्ये 'मंदबुद्धी' म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी जी साधने वापरली होती, त्यांचा त्यांनी अभ्यास केला. अक्षर डोळ्यांनी कळत नसेल तर बोटांनी कळेल, संख्या कानाने कळत नसेल तर हाताने कळेल, हे त्यांनी तिथे पाहिले. मग त्यांना प्रश्न पडला : ही मुले या मार्गाने शिकतात, तर चांगल्या धडधाकट मुलांना आपण एका जागी बांधून का ठेवतो? १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले ते या प्रश्नातून.

म्हणजे ज्या मुलाला वर्गाबाहेर काढले होते, त्याच्यासाठी शोधलेली रीत पुढे साऱ्या मुलांच्या उपयोगी पडली. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा पुन्हा भेटते.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाला लागले. तिथे १९२३ च्या सुमारास त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. शिकलेल्या, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे काम पाहिलेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' निघू लागली आणि ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालवली. पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभे राहिले. शहरातली, मध्यमवर्गीय घरातली मुले तिथे येत आणि आनंदाने शिकत. ताराबाई तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

बोर्डी, १९४५

१९४५ हे वर्ष आपल्या भागात दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी मे महिन्यात झरीला गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्ध, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराच्या दारी राबवणाऱ्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारली उभा राहिला. आणि त्याच वर्षी समुद्रकाठच्या बोर्डीत ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. एकीकडे माणूस मोकळा होण्याची लढाई, दुसरीकडे त्याच्या मुलाला शिकता यावे याची खटपट. दोन्हींचे मार्ग वेगळे होते, पण दोन्हींची माणसे तीच होती.

बोर्डीला ताराबाईंना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या पुढे स्वयंपाकघर आणि जपमाळ एवढेच असे. अनुताई शिक्षिका झाल्या, खेड्यात शिकवले, मग पुण्याला हुजूरपागेत नोकरी केली. रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर. ज्या बाईने स्वतः वेळेवर शिकायला मिळाले नाही म्हणून आडवळणाने शिक्षण घेतले, तिला आडवळणाने शिकणारी मुले ओळखू आली यात नवल नाही.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण वाड्यापाड्यांवरची मुले तिथे येईनात. कोणी म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे. ताराबाई-अनुताईंनी ते वाक्य उच्चारले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले. पाड्यावरच्या अंगणात, झाडाखाली बालवाडी भरू लागली. तिचे नाव पडले अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशाच्या कोणत्याही खेड्यात हा शब्द कळतो. तो आपल्या किनाऱ्यावर रुजला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

शहरातली मॉन्टेसोरीची साधने इथे परवडणारी नव्हती आणि उपयोगाचीही नव्हती. मग शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती ही साधने झाली. मोजायला चिंचोके, लहान-मोठे लावायला शिंपले, रंग ओळखायला फुले. साहित्य फुकट मिळाले हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की मुलाच्या हातात आलेली वस्तू त्याच्या ओळखीची होती. पहिल्याच दिवशी त्याला काही तरी आधीपासून येत होते.

कोसबाडची टेकडी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ताराबाईंची साठी उलटली असताना, काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. किनाऱ्यापेक्षा इथे वारली वस्ती दाट. इथे प्रश्न आणखी अवघड झाला. आठ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे घरातला कमावता माणूस. तो मालकाची गुरे राखतो. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते, कारण आई गवताला किंवा लाकूडफाट्याला गेलेली. ही मुले शाळेत कशी येणार?

उत्तरासाठी त्यांनी मुलांचा दिवस पाहिला. गुरे सकाळी सोडतात, ती कुरणात पसरतात, ऊन चढले की सावलीला बसतात. त्या वेळी गुराखी मोकळे असतात. मग शिक्षक कुरणात गेले. साहित्य बरोबर घेऊन, गुरांच्या मागे. शाळेचे नाव कुरणशाळा. नजर गुरांवर ठेवूनच मुले गाणी म्हणत, मोजत, अक्षरे गिरवत. पाटी नसेल तेव्हा जमीन होती.

भावंड सांभाळणाऱ्या मुलीसाठी दुसरा उपाय निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. ताई भावंडाला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू लागली. मधल्या सुट्टीत त्याला बघून येई. मुलीच्या शिक्षणाची अडचण तिच्या डोक्यात नव्हती, कडेवर होती. ती उतरवून ठेवायला जागा मिळाली आणि ती शिकू लागली.

यात अपंगत्वाचा शब्दही नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण समावेशित शिक्षणाचे मूळ तत्त्व यात पुरते आले आहे. मूल शिकत नाही असे दिसले, तर दोष मुलात शोधण्याआधी मूल आणि धडा यांच्यामध्ये काय आडवे आले आहे ते पाहावे, आणि ते बाजूला करण्याची तजवीज आधीच, टाचण लिहितानाच, करावी. आडवे येणारे कधी गुरे असतात, कधी कडेवरचे भावंड, कधी अंधूक डोळे, तर कधी घरची वेगळी बोली. शिक्षकाचे काम सगळीकडे तेच.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाड सोडले नाही. १९८० च्या दशकात त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांनी देह ठेवला. कोसबाडच्या दिवसांवर त्यांनी लिहिलेले 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक आपल्या शाळेच्या वाचनालयात असायला हवे.

धुळीतली चित्रे

याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे आपल्याला वारली चित्रकार म्हणून माहीत आहेत. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, परदेशांत प्रदर्शने. २०१८ साली ते गेले. त्यांच्या लहानपणाविषयी असे सांगतात, की आई गेल्यावर त्या पोराची वाचाच बसली. बराच काळ ते बोलत नसत. सांगायचे असेल ते धुळीत चित्र काढून सांगत.

शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट वाचताना धडकी भरते. असा मुलगा आमच्या वर्गात आला असता तर तोंडी परीक्षेत त्याला किती गुण मिळाले असते? शून्य. 'बोलत नाही, समजत नाही' असा शेरा पडला असता आणि तो शेरा टाचणवहीच्या नियमांप्रमाणे बरोबरही ठरला असता. कारण कळले की नाही ते बोलून किंवा लिहूनच दाखवायचे, अशी आपली समजूत. रेघेने दाखवलेले आपण मोजत नव्हतो.

वेगळ्या शाळा आणि कायदे

शारीरिक अडचण असलेल्या मुलांसाठी आपल्याकडे आधी वेगळ्या शाळा निघाल्या. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांची शाळा निघाली, १९०० च्या सुमारास अंध मुलांच्या शाळा निघाल्या. त्यांनी फार मोठे काम केले. ब्रेल, खुणांची भाषा, ओठ वाचणे हे ज्ञान तिथेच जमले. पण आपल्या भागातल्या मुलासाठी त्याचा अर्थ एकच होता : घर सोडून मुंबईला जायचे, नाही तर घरी बसायचे. बहुतेक जण घरीच बसले.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अशी मुले शक्य तिथे सर्वसाधारण शाळेत शिकावीत, असे सुचवले. १९७४ साली केंद्राने त्यासाठी योजना आणली. १९९४ च्या जूनमध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व मुलांना सामावून घेणाऱ्या शाळेचा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. १९९० च्या दशकातच आपल्या राज्यात वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिकण्याचा हक्क आणि शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश त्याने दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही समावेश झाला.

तारखांची ही माळ मुद्दाम ओवली आहे. कुरणशाळा भरत होती तेव्हा यातला एकही कायदा नव्हता. आज सगळे कायदे आहेत. पण कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. दारापासून बाकापर्यंत आणि बाकापासून धड्यापर्यंत त्याला शिक्षकाचे टाचण नेते. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला, पण त्याच्याबरोबर मुलाचा दिवस पाहून धडा बेतण्याची रीत गेली का, असे विचारले तर उत्तर देताना थबकावे लागते. सेविकांच्या वाट्याला पोषण आहार आणि नोंदवह्याच जास्त आल्या.

आपले बोईसर

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली आणि बोईसरचा वर्ग बदलला. आपल्याच वर्गात वाडवळ, भंडारी, मांगेला, वारली घरांतली मुले होती आणि त्यांच्या शेजारी केरळ, गुजरात, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले होती. मधल्या सुट्टीत डबे उघडले की बोंबलाच्या चटणीपासून इडलीपर्यंत सगळे निघे. आज त्यात भोजपुरी आणि ओडिया बोलणारी घरे वाढली आहेत. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. त्याच्या एका टोकाला मुंबईची लोकल आहे आणि दुसऱ्या टोकाला दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे आहेत.

या कुटुंबांच्या मुलांसाठीही आपल्याच जिल्ह्यात एक वाट निघाली. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्टीवरच शाळा भरवल्या. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. कुरणशाळेची ती धाकटी बहीणच. डहाणू तालुक्यातच १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्या पुढाकाराने आणि अनुताईंच्या साथीने ग्राममंगल संस्था उभी राहिली. ऐने येथील तिच्या शाळेत मूल स्वतः करून, हाताळून शिकेल अशी रचना झाली. मूल स्वतःचे ज्ञान स्वतः रचते हा विचार महाराष्ट्रातल्या शिक्षकांना पुढे ज्या वाटांनी भेटला, त्यांतली ही एक महत्त्वाची वाट.

एका पाठाचे टाचण

नुसता इतिहास सांगून शिक्षकाचे समाधान होत नाही. म्हणून न छापलेला रकाना भरला तर टाचण कसे दिसेल, ते एका पाठावरून दाखवते. विषय गणित, घटक अपूर्णांक. उद्दिष्ट सगळ्यांसाठी एकच : एका वस्तूचे समान भाग आणि त्यांतले काही भाग म्हणजे अपूर्णांक, हे कळणे. उद्दिष्ट कोणासाठी खाली आणायचे नाही. वाटा मात्र अनेक ठेवायच्या.

सुरुवात पुस्तकातून न करता बाजारातून. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. मासळी बाजारात आईजवळ बसणारी मुलगी हे शब्द शाळेत येण्याआधीपासून वापरते. हिंदी घरातला मुलगा आधा, पौन, सवा, डेढ, ढाई म्हणेल. ते शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. वारली मुलाला विचारायचे, तुमच्याकडे काय म्हणतात? तो सांगेल ते तिसऱ्या ओळीत. दहा मिनिटांत तिन्ही घरे फळ्यावर आली.

मग हातात काम. केळीचे पान, कागदाची घडी, दोरी. प्रत्येकाने अर्धे करायचे, मग त्याचे अर्धे. ज्याला अंधूक दिसते तो घडी बोटांनी चाचपून भाग मोजेल. त्याची जागा पुढे, खिडकीकडे पाठ करून, आणि त्याच्यासाठी आकृतीची रेघ जाड. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी एकच नियम : फळ्यावर लिहिताना बोलायचे नाही. आधी लिहायचे, मग वर्गाकडे तोंड करून बोलायचे. हा नियम पाळला की मागच्या बाकांवरच्या साऱ्यांनाच नीट ऐकू येते. मॉन्टेसोरीबाईंचे सूत्र इथे पुन्हा भेटते.

ज्या मुलाचे बूड जागेवर टिकत नाही, त्याच्याकडे पाने वाटण्याचे आणि गोळा करण्याचे काम. त्याने हालायचेच आहे, तर पाठासाठी हालावे. ज्याला अक्षरे लागत नाहीत, त्याला शाब्दिक उदाहरण शेजाऱ्याने वाचून दाखवायचे. आपण गणित तपासतो आहोत, वाचन नाही. जे मूल पटकन संपवते, त्याला 'पाऊण मोठा की दोन तृतीयांश?' हे कोडे. जे मूल दिवाळीनंतर भट्टीवर जाणार, त्याच्यासाठी घड्यांच्या पट्ट्यांचे पाकीट आणि परत आल्यावर कुठून सुरुवात करायची याची टाचणात एक ओळ.

शेवटी मूल्यमापन. कळले हे कोणी लिहून दाखवेल, कोणी सांगून, कोणी घडी घालून, कोणी चित्र काढून. चारही उत्तरांना सारखेच गुण.

हे सांगायला सोपे आहे. वर्गात पन्नास मुले, हाताशी एक शिक्षक आणि डोक्यावर निवडणुकीची, जनगणनेची कामे असताना ते रोज जमत नाही, हे मी वर्गात उभे राहून पाहिले आहे. विशेष शिक्षक एका शाळेत रोज नसतो, अनेक शाळा मिळून एक असतो. म्हणून मी नव्या शिक्षकांना एवढेच सांगत असे, की आठवड्यातून एक पाठ असा बांधा आणि तो जपून ठेवा. वर्षाच्या शेवटी हाताशी तीसेक पाठ असतात. पुढच्या वर्षी काम निम्मे होते.

आपल्यासाठी

संमेलन म्हटले की शाळेला काय द्यायचे याची चर्चा होते. थंड पाण्याचे यंत्र, पंखे, प्रोजेक्टर. सगळे चांगलेच आहे. माझी सूचना आहे की यंदा एक कपाट द्यावे. त्यात मण्यांच्या माळा, दोऱ्या, घड्यांच्या पट्ट्या, ठसठशीत अक्षरांची पुस्तके, भिंगे, हाताला खरखरीत लागणारी अक्षरे, आपल्या भागातल्या बोलींतल्या शब्दांची चित्रकार्डे असावीत. शिक्षकांनी आखलेले असे पाठ त्याच कपाटात जमत जावेत. आपल्यातले सुतार, शिंपी, छपाईवाले, चित्रकार मित्र हे एका महिन्यात उभे करू शकतात. मुलांचे डोळे आणि कान तपासायला आपल्यातले दोन डॉक्टर वर्षातून एक दिवस आले, तर कित्येक 'मठ्ठ' मुले एका चष्म्याने हुशार होतील.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. संमेलनाची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे, त्यामुळे पाचवी-सहावीत आपल्या बाकावर बसलेले पण दहावीच्या फोटोत नसलेले बरेच जण तिच्यात नाहीत. कोणी बोटीवर गेले, कोणी भट्टीवर, कोणाला सातवीत बसवून ठेवले, कोणी धाकटी भावंडे सांभाळायला घरी राहिली. त्यांना शाळा नको होती असे नाही. त्यांच्यासाठी कुरणशाळा किंवा पाळणाघर तेव्हा आपल्या गावात नव्हते. ही मंडळी दूर गेलेली नाहीत. सातपाटीच्या धक्क्यावर आणि बोईसरच्या बाजारात ती रोज भेटतात आणि आपल्याला नावाने हाक मारतात. शाळेच्या कचेरीत पाचवीचा जुना हजेरीपट असेल तर तो मागून घ्यावा आणि पुढच्या संमेलनाचे निमंत्रण त्या यादीप्रमाणे, घरी जाऊन, हातात द्यावे. गुरुजनांनाही त्यांना भेटून आनंदच होईल.